उघडी पडलेली गल्ली

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुरातत्त्व खात्यात खोदकामावर होते. घरातली पोरं त्यांना उंदीरकाका म्हणायची, माती दिसली की उकरायला बसायचे म्हणून. पण उकरायचे बेतानं हो! झाकता येईल तेवढंच उघडायचं, हा त्यांचा नेम. कच्च्या विटांची भिंत मातीखाली युगानुयुगं सुखात असते, आणि उन्हापावसात आली की बघता बघता तिचा चिखल होतो.

गावाबाहेरच्या टेकाडाखाली त्यांना जुनी वस्ती लागली होती. एक खोली उघडायची, मापं घ्यायची, परत बुजवायची, असा संथ कारभार. तेवढ्यात सरकारच्या मनात आलं, साध्या माणसांची घरं लोकांना दाखवायची. वरून हुकूम आला, अख्खी गल्ली उघडा, छप्पर आम्ही घालून देऊ. नाहीतर काम बंद.

भाऊजी ताटातला भात नुसताच उकरत बसले. धाकटी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "अहो, भात कालवताय की खोदताय?"

"छप्पर आधी घालतील का, तेच बघतोय."

"तुमच्या साहेबांनी आजवर काय आधी केलंय?"

तरी त्यांनी बेत बदलला. काम बंद पडण्यापेक्षा बरं, अशी मनाची समजूत घातली आणि गल्ली उघडली. काय गल्ली होती! समोरासमोर दारं, मधून गटार. एका घरात चूल, आणि तिच्यावर लिंपताना फिरलेली बाईची बोटं जशीच्या तशी. धाकटीनं वरून आपली बोटं धरून पाहिली. म्हणाली, "हिचा हात माझ्याहून बारीक. सासू नसणार ही, सूनच."

छप्पर काही आलं नाही. सरकार मात्र बदललं. नव्यांना हवा होता किल्ला. साहेब गाडीतून खालीसुद्धा उतरले नाहीत.

"माणसं, ट्रक, ताडपत्र्या, सगळं उद्या किल्ल्यावर हलवा."

"साहेब, आधी बुजवू द्या. पाऊस तोंडावर आलाय."

"इतकी वर्षं राहिलं, आता काय पळून जातंय?"

"झाकलेलं होतं म्हणून राहिलं. आता मीच उघडं पाडलंय."

"मग तुम्हीच झाका," म्हणाले, आणि काच वर गेली.

नवराबायको दोघंच मग घमेली वाहत बसली. घरातल्या चादरी चुलीवर पसरल्या, वर चाळलेली माती लोटली. चुलीचं घर तेवढं बुजलं आणि आभाळ फाटलं. बाकीच्या भिंती आधी फुगल्या, मग दमलेल्या माणसासारख्या बसत गेल्या. भाऊजी किल्ल्यावरून सुट्टीच्या दिवशी यायचे, छत्री मिटलेली ठेवून बघत उभे राहायचे. घरी आले की पायसुद्धा धुवायचे नाहीत. धाकटीच धुवायची.

काही वर्षांनी वारं पुन्हा फिरलं. नवे साहेब आले, पोरगेलेसे, बोलायला गोड. "काका, तीच गल्ली दाखवायचीय आपल्याला. छपराला मंजुरी आहे. काहीच उरलं नाही का?"

भाऊजी चुलीच्या घरावरच उभे होते. पायाखाली गवत. म्हणाले, "नाही."

घरी धाकटी चिडलीच. "अहो, एक घर आहे ना! सांगायचंत की. जाता जाता नाव तरी झालं असतं."

"छप्पर पाहिलंस तू?"

"मंजुरी आहे म्हणतात ना?"

"मंजुरीखाली पाऊस थांबत नाही. एकदा माझ्या हातून झालं ते झालं."

पुन्हा त्यांनी कुदळ धरली नाही, कचेरीत खापरं मोजत नोकरी संपवली. गेले तेही आता. ते घर धाकटीला ठाऊक आहे आणि मला. तू बाकीचं सगळं लिही बाळा, पण ते घर कुठल्या झाडाजवळ आहे, तेवढं लिहू नकोस.