हात दाखव

“हात दाखव.” धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलात बायकांच्या सर्जिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर ‘गुड मॉर्निंग’च्या जागी हेच म्हणायच्या. मी तेव्हा नवीन नर्स. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बेसिनकडे परत पाठवलं.

“पण मी ग्लोव्हज घातले होते, सिस्टर.”

“मंग? ग्लोव्हज काढल्यावर हात कोण धुवीन, तुही सासू?”

नातेवाइकांचीही सुटका नसे. एकदा इतवारीतल्या एका व्यापाऱ्याच्या सुनेला भेटायला अख्खं खानदान आलं. सिस्टरांनी सगळ्यांना बेसिनपुढे ओळीत उभं केलं. म्हातारे सासरे चिडले, “आम्ही का घाणेरडे आहो?”

“नाही बाबाजी. सुनेचं पोट कालच शिवलं आहे. तिले जपा.”

म्हाताऱ्यांनी मग दोनदा हात धुतले.

असं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. एरवी त्याचा राग येतो, पण घरचं कोणी आजारी पडलं की त्याच्याच हाती सोपवावंसं वाटतं.

एका सकाळी राउंडला मोठ्या सर्जननी एका बाईची पू झालेली जखम तपासली आणि त्याच ग्लोव्हजनी ते शेजारच्या खाटेकडे वळले. तिथे हिंगणघाटची एक तरुण मुलगी होती. दोन दिवसांत घरी जाणार होती. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

“सर, ग्लोव्हज बदला.”

“आता तुम्ही मला शिकवणार?” ते हसले, आणि बाजूने जाऊन त्यांनी तिची पट्टी उघडली.

तिची जखम चिघळली. दुसरं ऑपरेशन झालं. ती वाचली नाही.

चौकशी बसली. नर्सिंगचा हलगर्जीपणा, असा सूर आधीच लागला होता. मला आत बोलावलं. “तुम्ही राउंडला होतात. काय पाहिलं?”

सर्जन समोरच बसले होते. मी म्हणाले, “मी ट्रॉली लावत होते. माझं लक्ष नव्हतं.”

सिस्टरांकडून त्याच दिवशी राजीनामा लिहून घेतला. कपाटातून डबा नि छत्री काढताना त्यांनी मला एवढंच विचारलं, “काहून खोटं बोलली वं?” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांनी मी सफरचंदं घेऊन प्रताप नगरला त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “त्या बहिणीकडे गेल्या, गोंदियाले. आता नाही येत.”

ते ऐकून मला आधी वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.