नियमात नसलेली ओळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, माझ्या दोन्ही मुलींपाशी नाही. दोन-तीनदा शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते — आणि मी गॅस बंद करायच्या निमित्ताने उठून गेले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल कदाचित. बघू.

मी वर्ध्याजवळच्या सेलूला राहते. जवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. नवरा रोज नागपूरला जाऊन-येऊन नोकरी करतो. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली, ती शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली. गल्लीतल्या बाया अजून म्हणतात, निर्मलानं आईचं खूप केलं. केलं — पण काय केलं, ते त्यांना कुठं माहीत आहे?

माझ्याहून चार वर्षांनी मोठी एक बहीण आहे. वैशालीताई. तिचे मालक, म्हणजे आमचे भाऊजी, हिंगणघाटच्या एका गिरणीत होते, तिथून मॉरिशसला कापडाच्या कारखान्यात लागले. लग्नाला बारा वर्षं झाली तरी ताईला मूल नव्हतं. आई त्याबद्दल कधी बोलायची नाही. फक्त माझ्या मुलींची वेणी घालता घालता मधेच हात थांबायचा तिचा. आणि मग एके दिवशी ताईचा फोन आला. दिवस गेले होते. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं. आईनं तिकडे यावं, तीन महिने राहावं, एवढंच तिचं मागणं होतं.

आई त्या दिवसापासून बदलली. म्हणजे कशी सांगू? ती माझ्याकडे राहत होती, माझ्या पोरींचे डबे भरत होती, पण इतकी वर्षं ती वाट ताईची पाहत होती, हे मला त्या आठवड्यात कळलं. पासपोर्टसाठी नागपूरला गेलो तेव्हा तिनं स्वतःहून केस मागे घेतले — फोटोत कान दिसले पाहिजेत ना, म्हणून. पासपोर्ट घरी आला तर तो तिनं देवाजवळ ठेवला. ज्या बाईनं नागपूरच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, ती शेजारणींना विचारायची, समुद्राचं पाणी खरंच खारट राहते का. दुपारी ती अंगणात बसून डिंक निवडायची आणि स्वतःशीच हसायची. मी शाळेतून यायची, तिला तशी बघायची आणि मला — खरं सांगते — मला राग यायचा. माझ्या दोन बाळंतपणांत ती होती. सगळं केलं तिनं. पण असं हसली होती का?

आता एक मागची गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी आठवीत असताना आईला टीबी झाला होता. बाबांनी ताईला बारावीसाठी म्हणून आर्वीला मामाकडे पाठवलं आणि मला बजावलं, की हे घराबाहेर जाता कामा नये; पोरींची लग्नं व्हायची आहेत. मग आईच्या गोळ्या मी आणायची. तिची थाळी, तिचा पेला वेगळा ठेवायची. ती मागच्या खोलीत एकटी जेवायची. कोर्स पूर्ण झाला, डॉक्टरांनी सांगितलं की बाई बऱ्या झाल्या, आता वेगळं भांडं नको. त्या दिवशी आईनं माझ्या कपातला उरलेला चहा घेतला आणि पिऊन टाकला. पुढे आमच्यात तशी रीतच पडली — अर्धा कप तिचा, अर्धा माझा. ताईला यातलं काहीच कधी सांगितलं नाही. बाबा गेल्यावर ती गोष्ट जगात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती.

तर — ताईनं नियमांचा कागद फोनवर पाठवला. त्या देशात शिरताना काय लागतं, काय नेता येतं, काय नाही. मी बसस्टँडजवळच्या दुकानातून छापून आणला. इंग्रजीत होता. आई पाट घेऊन समोर बसली आणि मी वाचून मराठीत सांगू लागले. पासपोर्टची मुदत. परतीचं तिकीट हवं. कुठं उतरणार, तो पत्ता हवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणि पाकिटातच ठेवायची. झाडं, रोपं, पेरायचं बी परवान्याशिवाय न्यायचं नाही, कारण बेटावरच्या पिकांना बाहेरची कीड लागू शकते. आईनं अंबाडीचं बी बांधून ठेवलं होतं, ताईच्या अंगणात लावायला. तिनं ती पुरचुंडी लगेच पिशवीतून काढली आणि म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, आपलं शेत आपणच सांभाळावं लागते. किती आनंदानं नियम पाळायला निघाली होती ती!

मग आरोग्याचा भाग आला. त्यात काय होतं? पिवळ्या तापाचा दाखला, तोही ज्या देशांत तो ताप आहे तिथून येणाऱ्यांना. आणि उतरताना भरायचा एक फॉर्म — गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, अंगावर पुरळ आलं का. बस. एवढंच.

मी कागदाकडे पाहत होते. आई माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, "आई, इथं लिहिलं आहे — ज्याले कधी टीबी झाला असन, त्याले येऊ देत नाई."

मी ठरवून बसले नव्हते. पण चुकूनही बोलले नाही. वाक्य तोंडातून निघायच्या आधी मला ते दिसलं होतं, आणि मी ते निघू दिलं.

आईनं हळूच विचारलं, जसं शेजारच्या खोलीत कुणी असावं, "त्याइले कसं मालूम पडते?"

"छातीचा फोटो काढतेत," मी म्हटलं. "डाग दिसते."

"अजून असन तो डाग?"

"असन."

तिनं पाटावरची बोटं उचलली आणि पदर तोंडाशी नेला. "मंग लेकराजवळ तर मले जाताच नाई येत," ती म्हणाली.

इथं थांबता आलं असतं मला. दुसऱ्या दिवशीही आलं असतं — नीट वाचलं नव्हतं गं, जुन्या रोग्यांसाठी तसं काही नाही, असं म्हणायचं फक्त. चार शब्द. मी शाळेत गेले, परिपाठ घेतला, पोरांना पाढे म्हणायला लावले. ताईला फोनवर सांगितलं की आईच नाही म्हणते, तिला घर सोडवत नाही. ताईचा विश्वास बसला नाही, तिनं आईला फोन द्यायला लावला. आईनं काय सांगावं? कधीकाळी झालेला आजार आता कोणत्या तोंडानं सांगणार होती ती, पोटुशी असलेल्या लेकीला? "मले एवढं दूर नाई जमत बाई," ती म्हणाली. "तू तब्येत सांभाळ." माझं खोटं मला टिकवावंही लागलं नाही. आईच्या लाजेनं ते टिकवलं.

डिंकाचे लाडू तिनं केले, ते कुणाच्या तरी हातून हिंगणघाटला ताईच्या सासरी पोचते केले, तिथून कुणी तिकडे जाईल तेव्हा न्यायला. आणि पुढच्या सोमवारी मी पाहिलं — मोरीजवळच्या कोनाड्यात एक थाळी आणि एक पेला वेगळा ठेवला होता.

मी विचारलं नाही काऊन म्हणून. मला माहीत होतं काऊन. संध्याकाळी मी चहा केला, अर्धा कप पिऊन तिच्यापुढे सरकवला. तिनं तो हलकेच परत माझ्याकडे सरकवला. "घरात लहान पोरी आहेत," म्हणाली. त्यानंतर तिनं माझ्या कपातला चहा कधी घेतला नाही. घरात तीच आई होती, तीच भाजी, तेच अंगण. आणि मी तिच्यासाठी झुरत होते — रोज, तिच्या समोर बसून. जिला जाऊ दिलं नाही, ती माझ्याजवळ उरलीच नाही.

ताईला मुलगी झाली. दीड वर्षाची झाल्यावर ताई तिला घेऊन आली. पोर आमच्या अंगणात उतरल्या उतरल्या आईकडे धावली, कोण जाणे कशी. ताईनं तिला उचलून आईच्या मांडीवर दिलं — आणि आईनं तिला खाली उतरवलं. पदर तोंडावर घेऊन ती दारात जाऊन बसली. तिथून बघत राहिली. जेवताना दूर, झोपवताना दूर. एकदा मला हळूच विचारलं तिनं, "कान कोनावर गेले गं तिचे? इथून दिसत नाई." मी पोरीचे केस बाजूला करून पाहिले. माझ्या आईवरच गेले होते. ते मी तिला सांगितलं आणि ती दारातच हसली, पदराआड.

ताई रडली. आईसमोर नाही, माझ्यासमोर. म्हणाली, मला मुलगा झाला नाही म्हणून असं करते का आई? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हातच फिरवला फक्त. पंधरा दिवसांसाठी आलेली ताई अकराव्या दिवशी सासरी निघून गेली.

दोन हिवाळ्यांनंतर आईच्या छातीत दुखू लागलं. वर्ध्याला दवाखान्यात नेलं. दुखणं हृदयाचं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं, फुप्फुसं चांगली आहेत आजीची. एक जुनी खूण आहे, पण ती कधीच भरून आली, तिचं काही नाही. आई शुद्धीवर होती. तिनं त्याला विचारलं, "लहान लेकराले घेता येते का मले?"

"घ्या की आजी," तो म्हणाला. "कधीच घेता येत होतं."

तो पुढच्या खाटेकडे गेला. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंग मी उगाच..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. ती नीटच होती. पुढे ती त्याबद्दल बोलली नाही, मीही नाही. तिला कळलं होतं का? मला आजही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ताई तेव्हा मुंबईच्या विमानतळावर उतरली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी मॉरिशसला जाऊन आले. ताईनं फार आग्रह केला. फॉर्म मी स्वतः भरला. आरोग्याच्या प्रश्नांसमोर 'नाही' 'नाही' अशा खुणा करायला मिनिटही लागलं नाही. विमानतळावर छातीचे फोटो कुणी काढत नव्हतं. एका बाईनं पासपोर्टवर शिक्का मारला आणि हसून पुढे जायला सांगितलं. माझ्यामागे एक म्हातारी होती, नऊवारीतली, खोकत होती थोडी. तिलाही पुढे सोडलं.

ताई मला किनाऱ्यावर घेऊन गेली. पोर पाण्याशी खेळत होती. सात वर्षांची झाली आहे ती आता. तिच्याकडे बघत ताई म्हणाली, "निमे, खरं सांग. आई काऊन नाई आली तेव्हा? मले वाटते, तिचं माझ्यावर मनच नव्हतं."

आम्ही दोघीच होतो. वारा होता, समोर पाणी होतं. याहून सोपी जागा मिळणार होती का मला?

मी म्हटलं, "तिले विमानाची भीती वाटायची."

ताईनं मान हलवली. तिनं ते खरं धरलं.

आईला भीती वाटत नव्हती. तिला जायचं होतं. मी तिला जाऊ दिलं नाही, आणि ताई अजून समजते की आईला तिची ओढ नव्हती.