रिकाम्या पेटीचं वजन

ती केस आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो.

चाकणच्या एका कंपनीने तक्रार दिली होती. गोदामातल्या बारा लाकडी पेट्यांमधले पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या नळ्या, वजनाला कमी भरले होते, पेटीमागे चार किलो. पेट्या पावसाळ्यात भरलेल्या आणि ऑर्डर अडकल्याने एप्रिलपर्यंत पडून. गोदामाची किल्ली एकट्या स्टोअरकीपरकडे. हा लातूरकडचा चाळिशीचा माणूस, संत तुकाराम नगरात भाड्याने राहायचा.

पंचनामा मीच केला. खिळे वर आलेले, फळ्यांमध्ये फटी. पेट्या उघडून पुन्हा ठोकल्याचं दिसतं, असं लिहून मोकळी झाले. त्यातच एका कामगाराने फोनवर टीप दिली, की स्टोअरकीपर भंगारवाल्याकडे सारखा जातो. माझ्या लेखी केस संपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. दोन तास तो नाहीच म्हणत होता. भंगारवाल्याकडे मुलीच्या अभ्यासासाठी जुनं टेबल बघायला जातो, म्हणाला. बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. तिलाही आत घ्यावं लागेल, असं मी त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही, त्याची गरजच पडली नाही.

"लिहा मॅडम. मीच घेतलं. तिला तेवढं घरी जाऊ द्या."

माल कुठे, तर भंगारवाल्याकडे. हवालदाराने दुकान पालथं घातलं. पितळ नव्हतं. याच्यासाठी बाजूला ठेवलेलं एक टेबल मात्र होतं.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मुद्देमाल लागतो. म्हणून दुपारी कंपनीत गेले आणि मॅनेजरला विचारलं, कमी भरले म्हणजे मोजले कसे? बुश तिथे कुणी मोजतच नव्हतं. भरलेली पेटी काट्यावर ठेवायची, पेटीवर रंगवलेलं रिकाम्या पेटीचं वजन वजा करायचं, उरेल ते पितळ.

पेट्या बनवणारा मावळातला म्हातारा सुतार तिथेच काम करत होता. त्याने एक खिळा बोटांनीच उपसून दाखवला.

"ह्या फळ्या आमी पावसात ठोकल्या मॅडम. वल्ल्या व्हत्या. आता वाळून आकसल्या. पानी गेल्यावर वजन ऱ्हातंय व्हय?"

वाळून चार किलो कसे जातील, असं मॅनेजर म्हणाला. सुतार त्याच्याकडे बघून हसला.

"आखाडात लाकूड पुन्यांदा पानी पिईल, वजन चढंल. तवा काय, चोरानं माल आनून ठिवला म्हनाल?"

मी पेटी रिकामी करायला लावली. वर रंगवलेलं एकतीस किलो, काट्यावर सत्तावीस. बुश वेगळे तोलले, पुरे भरले. बाराही पेट्यांचं तेच. फटी आणि सैल खिळे आकसलेल्या लाकडाचे होते, आणि मी ते चोराच्या नावावर लिहिले होते.

पुढे नोकरीत असेपर्यंत वजनाची तक्रार आली की मी आधी रिकामं खोकं तोलायला लावलं. कबुली पटकन मिळाली, की आपण त्या माणसाला कशाची भीती घातली ते आठवून बघायची सवयही लागली.

त्या संध्याकाळी ठाण्यात परतले. स्टोअरकीपरची बायको अजून बाकावरच होती, डबा तसाच बंद. दोघांना घरी जायला सांगितलं. चोर सापडला का, असं त्याने विचारलं. चोरी झालीच नव्हती, मी म्हणाले.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"मग मॅडम, मी कबूल काय केलं?"