मेमरी कार्डातला आवाज

त्या काळात गाणी मोबाइलच्या दुकानात भरून मिळत. दोन हजार दहाच्या मागेपुढे सडक अर्जुनीत अशी बरीच दुकानं होती. आपलं मेमरी कार्ड काढून द्यायचं, हवी ती गाणी सांगायची आणि बाजार करून परत यायचं. कार्डात आधीचं काय काय आहे, याचा विचार कोणी करत नसे.

मी कॉलेजसाठी तिथेच ताईच्या सासरी राहत होते. घरात ताई, भाऊजी आणि ताईच्या सासूबाई. ताई विहारातल्या कार्यक्रमांत गायची. मोबाइल आल्यापासून ती सराव त्यात रेकॉर्ड करी, ऐके आणि चुका दुरुस्त करी. एकदा ती स्वयंपाकघराचं दार लोटून भीमगीत म्हणत होती. दुसऱ्या कडव्याला बाहेरून सासूबाईंनी हाक दिली, "चहा होते का व आज?" ताई थांबली, पुटपुटली, "या बाईले जराही दम निघत नाही," आणि पुन्हा गायला लागली. हे सगळं रेकॉर्ड झालं. गाणं चांगलं जमलं होतं, म्हणून तिनं ते पुसलं नाही. काही दिवसांनी भाऊजींनी तिच्या मोबाइलमधलं तेच कार्ड गाणी भरायला दुकानात दिलं.

पुढे एकदा आम्ही दोघी काळीपिवळी जीपनं केशोरीला निघालो होतो. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाइलवर गाणी ऐकत होता. एक गाणं संपलं आणि ताईचा आवाज सुरू झाला. तिनं माझा हात घट्ट धरला. चहाची हाक आली तसे गाडीतले दोघं-तिघं हसले. पुढचं पुटपुटणं तर एकानं तिच्या आवाजाची नक्कल करत म्हणून दाखवलं. मी मोबाइलवाल्याला विचारलं, "भाऊ, कोणाचं हो हे गाणं?"

"काय माहीत जी. ब्लूटूथवर आलं. साऱ्याइजवळच आहे."

गाडीतून उतरल्यावर ताई म्हणाली, "गाण्याचं जाऊ दे. त्या कार्डात माझे फोटो होते. न्हाल्यावर केस वाळवतानाचे, असेच घरातले. ते कोणाकोणाजवळ गेले असतील?"

सासूबाईंना बाहेरून कळण्याआधी आपणच सांगावं, असं तिनं ठरवलं. घरी आल्यावर तिनं त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि दुकानात दिलेल्या कार्डातून ते बाहेर गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता भांडण होणार. सासूबाईंनी पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं.

"तू बडबडतं ते मी रोजच ऐकतो," त्या म्हणाल्या. "पण माहा आवाज कायले नेला त्या दुकानवाल्यानं? मी माह्या घरात बोलून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दुकानात गेलो. दुकानदारानं आढेवेढे घेतले नाहीत. "काकी, आम्ही पूरा कार्डच कॉपी मारतो. एखादं नवीन गाणं निघते त्यात." त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. ताईचे फोटो तिथे होते. शेजारी कोणाचं लग्न, दवाखान्यातल्या खाटेवरची कोणी बाई, कोणाचं मार्कशीट. त्यानं आमच्यासमोर ताईचं सगळं पुसलं.

"गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या इथून गेलं."

"अन् गाडीवाल्याइच्या मोबाइलातून?"

"ते मी कसं काढू, काकी?"

सासूबाई स्टुलावर बसल्या. "मंग बाकी लोकाइचे फोटोही पुस. पुसल्याबगर मी उठत नाही."

गिऱ्हाईकं येऊन उभी राहू लागली, तेव्हा त्यानं फोटो पुसले. गाणी ठेवली. दुसरीकडे कुठे त्यानं ते ठेवले होते का, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आम्ही निघालो, तेव्हा थांबलेल्यांपैकी एकानं मोबाइल उघडून कार्ड दुकानदाराच्या हातात दिलं.

ते रेकॉर्डिंग वर्षभर तरी फिरत होतं. विहारातल्या एका कार्यक्रमात मागून कोणीतरी "चहा!" ओरडलं. ताई थांबली, तिनं लोकांचं हसणं संपू दिलं आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. सराव मात्र ती त्यानंतर रेकॉर्ड न करता माझ्यासमोर करू लागली. फोटो कोणाजवळ दिसल्याचं आमच्या कानावर आलं नाही. तरी कोणी अनोळखी माणूस तिच्याकडे टक लावून बघायला लागला की ती अस्वस्थ व्हायची, हे मी पाहिलं आहे.

सासूबाई आपल्या पद्धतीनं सावध झाल्या. पाहुण्याच्या हातात मोबाइल दिसला की त्या बोलता बोलता गप्प होत. त्यानं तो खिशात घातला की राहिलेलं वाक्य पुरं करत.