परसातली केळ्यांची भट्टी

ही हकिगत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. माझ्याबद्दल बरं बोलणारी माणसं गल्लीत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

आमच्या शेजारच्या भाभी कुठलीही वस्तू हाती आली की आधी नाकाशी न्यायच्या. तूप, गहू, नवी साडी, नातवाचं प्रगतिपुस्तकसुद्धा. "पहिले वास ल्या, मंग नाव सांगा," हे त्यांचं ठरलेलं. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला विचारल्याशिवाय लोणच्याच्या कैऱ्या फुटत नाहीत. त्यांचं नेहमी बरोबर यायचं असं नाही. माझ्या होमिओपॅथीच्या गोळ्या त्यांनी उंदराचं औषध ठरवल्या, आणि आमच्या सौभाग्यवतींनी त्या तत्काळ गटारात ओतल्या.

त्यांच्या सासरी पिढ्यान् पिढ्या केळ्यांचा व्यापार. यजमान वारल्यावर मुलगा कापडात गेला. त्या मला भाऊ म्हणायच्या.

निवृत्त झाल्यावर मी शहाद्यातलं हे जुनं घर घेतलं. मागच्या परसात कमरेइतकं गवत. ते काढलं तर मधोमध दोन पायऱ्यांचा दगडी ओटा. पायऱ्या चढून जायचं कुठे, तर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कुणीतरी शेंदूर लावून गेलं.

भाभींना बोलावलं. त्या वाकल्या, हुंगलं.

"काय वाटतं?"

"नुसता शेंदूरना वास येस," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून वर चढल्या आणि एक पाय हवेत उचलला. "आते घोडं आना भाऊ. मी बसस."

सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणणारे जुने मालक स्वार व्हायला असे ओटे बांधत. मी शेंदूर पुसायला निघालो तर त्यांनी थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. घोडास्ले बी देव लागस."

पुढच्या वर्षी लिंबासाठी खड्डा खणताना पहार खाली आरपार गेली. माती उपसली तर माणूसभर उंचीची विटांची खोली. उतरायला पायऱ्या, आणि भिंतीत तळाशी हात जाईल एवढं भोक. गल्लीने भुयार ठरवलं. कुणी ते नदीपर्यंत नेलं, कुणी त्यात हंडे ठेवले.

भाभी माझा हात धरून खाली उतरल्या. नखाने गिलावा खरवडला आणि नाकाशी नेला. मग पुन्हा एकदा खरवडला.

"धूर," त्या म्हणाल्या. "ही आमनी केळी पिकाडानी भट्टी शे, भाऊ. मन्हा सासरास्नी बांधी."

मग सगळं सांगितलं. कच्च्या फण्या पेंढ्यावर रचायच्या, त्या भोकातून गोवऱ्यांचा धूर सोडायचा, दार चिखलाने लिंपायचं. घराच्या पहिल्या मालकाने ही जागा सासऱ्यांना नुसत्या शब्दावर वापरायला दिली होती; यजमान गेल्यावर ती बुजवली, आणि गवतात तिचं तोंड नेमकं कुठे ते कळेनासं झालं. लिंपलेलं दार फोडण्याचा मान नव्या सुनेचा, म्हणजे त्यांचा. "उघाडं की सगळी गल्ली गोड."

मला मात्र त्या सगळ्यातलं 'आमनी' एवढंच ऐकू आलं. उद्या त्यांचा मुलगा येऊन निम्मं परस मागेल, हे माझ्या डोक्यात बसलं.

संध्याकाळी पारावरच्या मंडळींना मी सांगितलं, "जुनी पाण्याची टाकी आहे. भाभींचं आता वय झालं. परवा त्यांनी मला सासऱ्यांच्या नावाने हाक मारली."

त्यांनी तशी हाक मारली नव्हती.

गल्लीने ते सहज मानलं. बायका तूप घेऊन जायच्या, पण भाभींनी निवाडा दिला की एकमेकींकडे बघायच्या. ही गोष्ट मुलाच्या कानावर गेली. त्याने आईला एकटीला बाजारात पाठवणं थांबवलं, आणि वर्षाच्या आत तो तिला घेऊन सुरतेला गेला.

परस कुणीच मागितलं नाही. जाण्याआधी एकदा भाभी हिरव्या केळ्यांच्या दोन फण्या घेऊन दारात आल्या होत्या. "एकदाव धूर लावी देखूत का?" विटा ढिल्या झाल्यात, असं मी म्हणालो. त्या फण्या त्यांनी आमच्याकडेच ठेवल्या. आम्ही भाजी केली.

मागच्या दिवाळीनंतर मी सुरतेला गेलो. एस.टी.त सगळी वाट एकच वाक्य घोटत होतो. भाभी गॅलरीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून खुलल्या. आजूबाजूच्या गुजराती बायका आता त्यांच्याकडे मसाले दाखवायला आणत होत्या. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि शेंगांची परडी माझ्याकडे सरकवली. बराच वेळ आम्ही दोघं सोलत बसलो.

"भाऊ," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमनी टाकीमा पानी कितलं शे?"

मी हसलो. त्याही हसल्या. सून चहा घेऊन आली, मुलगा दुकानातून आला, जेवणाचा आग्रह झाला. निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि थांबल्या. ते वाक्य तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

उन्हाळ्यात त्या गेल्याचा फोन आला.

ते वाक्य असं होतं: भाभी, तुम्ही काहीच विसरला नव्हतात, मी खोटं बोललो, मला माफ करा.