बाळामावशींच्या खिडकीतली परीक्षा

आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत बाळामावशींच्या हृदयाइतकं नावाजलेलं हृदय दुसरं नाही. लहानपणीच्या तापानं त्यातली एक झडप नीट मिटत नाही, एवढंच. तेच हृदय घेऊन मावशींनी शाळेत शिपाई म्हणून तीस वर्षं घंटा बडवली, आणि दर वर्षी मेडिकलच्या परीक्षेला केस म्हणून जाऊन झोपल्या. पोरं छातीला नळी लावायची, मान डोलवायची. मावशींचा प्रश्न एकच. "ऐकलंस न्हवं? मग तोंडानं काढून दाखव." निम्म्यांची तिथंच तंतरायची.

मेडिकलला शिकणारा माझा भाऊ, अनेकांत, त्या निम्म्यांत बसण्याइतकाही धीट नव्हता. वॉर्डात दहा जणांच्या मागं उभा राहून यानं छातीतलं काही न ऐकताच शिकवणाऱ्या बाईंना "येस मॅडम" म्हटलं होतं. पुढच्या खेपेला ऐकू म्हणाला, तर कोरोना आला. वॉर्ड बंद, शिकवणं मोबाइलवर. आता शेवटची परीक्षा दहा दिवसांवर, तीही प्लास्टिकच्या पुतळ्यावर.

"पुतळ्यावर पास होईन गं," मला म्हणाला, "पण नंतर माणसं येतील, त्यांचं काय?" आवाज अगदी स्नेहसंमेलनात ओळी विसरलेल्या पोराचा.

मी ते मावशींच्या कानावर घातलं, अर्थात रस्त्यावरूनच. वय पासष्ट, वर असलं हृदय. वर्षभर त्यांच्या उंबऱ्याच्या आत कुणी गेलं नव्हतं. खिडकीतून म्हणाल्या, "मग नळी लांब कर म्हणावं की. गवंड्याकडं पाणी भरून लेव्हल बघायची पाइप असती न्हवं, तसली जोड."

अनेकांतनं जुन्या स्टेथोस्कोपची नळी कापून मध्ये सहा फूट पाइप घुसवली आणि गल्लीत स्टूल टाकून बसला. दुसरं टोक सॅनिटायझरनं पुसून, काठीला अडकवून खिडकीतून आत सोडलं. मावशींनी ते पदराआड बरोबर जागेवर टेकवलं. ती जागा त्यांना कुणी सांगावी लागत नाही.

"आलं?"

"आलं, आलं."

"काढून दाखव."

"लब्... डब्."

"हे पुस्तकातलं. ती रिक्षा जाऊ दे, मग ऐक."

रिक्षा गेली. समोर आमच्या घरात मम्मीनं शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवला.

"आता काखेकडं सरकवतो बघ," मावशी म्हणाल्या. "आवाज संगट येतोय का?"

अनेकांतनं डोळे मिटले. मग त्याचा मास्क हळूहळू फुगायला आणि बसायला लागला.

"फुश्श-टप्. फुश्श-टप्."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "ह्योच माझा."

वर्षभर कानापर्यंत चढलेले अनेकांतचे खांदे खाली आले. "मावशी, अजून दोन मिनिटं ऐकू?"

"ऐक की निवांत. बंद कुठं पडतंय."

आता शिट्टी झाली तरी चालेल म्हणून मम्मीनं कुकर परत चढवला.