मिसच्या वाटचे वास

मिस घरातही बूट घालून असायच्या, नाड्या आवळून बांधलेले. कॅम्पातल्या एका जुन्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलींना खेळ शिकवले होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी आता कुणीतरी शिट्टी मारेल आणि आपल्याला धावावं लागेल, अशा तयारीत त्या वावरायच्या. पेपर उभ्यानं वाचायच्या, फोनवर बोलताना अंगणात येरझाऱ्या घालायच्या. उद्यमबागेतल्या कारखान्यांपैकी एका फाउंड्रीत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पहिल्याच दिवशी त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि त्यातलं नाव सोडून दिलं. पुढं मला 'निपाणी' अशीच हाक पडायची.

"ए निपाणी, चल, दोन चकरा मारून येऊ."

"मिस, आत्ताच आलो मी कामावरनं." आमच्याकडं आम्ही बायकाही 'आलो, गेलो' असंच म्हणतो.

"आलीस न्हवं? मग चल. आल्याशिवाय परत जाता येतंय व्हय?"

त्यांचा मुलगा रॉनी परदेशी प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. त्यानं शिकवलेला एक पदार्थ मिस आठवड्यातून दोनदा तरी करायच्या. कोळंबी घातलेला पास्ता. मला वाटतं, चवीपेक्षा त्यातला वेग त्यांना आवडायचा. एका बर्नरवर मिठाचं पाणी, दुसऱ्यावर तेल. पाण्यात शेवयांसारखा लांब पास्ता पडला की तेलात चेचलेला लसूण, मी घरून आणलेली संकेश्वरी मिरची मोडून, दोन टोमॅटो. कोळंबी सगळ्यात शेवटी. ती गुलाबी होऊन वळली की पास्ता चिमट्यानं उचलून थेट कढईत आणि वर त्याचंच पळीभर पाणी. वीस मिनिटांत जेवण तयार. "वरणभात लावायचा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं, हे माझ्यानं व्हत न्हाय," असं त्या म्हणायच्या. मी हे सगळं दारातून बघायची. आमचं जैन शेतकऱ्याचं घर, तिथं अंडंसुद्धा येत नाही. कोळंबी म्हणजे काय हे मला त्या दारातच कळलं.

मी राहायला आल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात मिसना जोराचा ताप आला. ताप उतरला, चार दिवसांत त्या पुन्हा अंगणात फिरू लागल्या. एका संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. धावत गेले तर मिस ओट्याशेजारीच उभ्या राहून खिडकीतून बाहेर कुणाशी तरी बोलत होत्या. पातेलं काळं पडलं होतं. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कुणाला सांगू नको," एवढंच म्हणाल्या.

तापात त्यांचं नाक गेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलं होतं, पण ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी मिस ताटलीत कोळंबी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"वास घे."

"मी? मिस, मी कधी..."

"खा म्हणतोय का मी तुला? नुसता वास घे. ताजी हाय का न्हाय, सांग."

मी श्वास रोखून वाकले, मग श्वास सोडला आणि घेतला. मला ओकारी येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. नुसता पाण्याचा, मिठाचा वास होता. माझे वडील, आप्पा, तंबाखूचं पान नाकाशी धरून, माल नीट सुकलाय की आतून दमट राहिलाय ते सांगायचे, आणि लहानपणापासून त्यांच्याबरोबर गोदामात बसून ते नाक माझ्यातही उतरलं होतं. दोन-चार वेळांत मला ताजी आणि शिळी कळायला लागली. घरी आईला मी हे कधी सांगितलं नाही. "लसूण झाला का गं?" मिस आतून ओरडायच्या, मी दारातून सांगायची, "झाला, टाका टोमॅटो."

रॉनीची बोट बंदराला लागली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मिस फोन कढईवर धरायच्या आणि म्हणायच्या, "काय वास सुटलाय बघ, सोन्या! तुझ्या बोटीवर तरी असला येतोय काय?" मी दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी असायची. फोन ठेवला की मिस लगेच बाहेर पडायच्या आणि कॅम्पाला एक मोठा वळसा घालून यायच्या. त्या वेळी त्या मला बरोबर बोलवत नसत.

असं एक वर्ष गेलं. मग एकदा बर्नर वाऱ्यानं विझला आणि गॅस सुटला. मी सुट्टीमुळं घरी होते, वास आला, पळत जाऊन बंद केला. मिस म्हणाल्या, "झालं का काय? न्हाय न्हवं?" आणि कणीक मळायला लागल्या. पण त्यानंतर उद्यमबागेत मशीनसमोर उभी असताना माझं लक्ष लागेना. दुपारी दोनदा-तीनदा मी फोन करायची. "मिस, गॅस बंद हाय?" त्या चिडायच्या. "तू माझी मुकादम हाईस काय गं?"

पुढच्याच आठवड्यात रॉनी रजेवर यायचा होता. मिसनी आदल्या दिवशीच कोळंबी आणून फ्रीजमध्ये ठेवली. तो यायच्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. मी संध्याकाळी साडेसहाला फाटक उघडलं आणि तिथंच थबकले. वास अंगणापर्यंत आला होता. कोळंबी शिजत असताना मी पहिल्यांदाच चौकट ओलांडून त्यांच्या ओट्याशी गेले. लसणात कोळंबी पडलेली होती. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. रॉनी आला होता.

"मिस, उतरवा. खराब झालीय."

"हळू बोल." मिस उलथनं हलवतच होत्या. "टोमॅटो जास्त घालतो. मिरची घालतो. त्याला कळायचं न्हाय."

"मिस, त्याला बाधंल."

"त्यो बाहेर यायच्या आत हूं दे गं!" तीस वर्षं शिट्टी वाजवलेली ती बाई माझी विनवणी करत होती. मी गॅस बंद केला.

तेवढ्यात रॉनी दारात आला, खांद्यावर टॉवेल. त्यानं नाक आक्रसलं. "मम्मा, हे काय? तुला वास येत न्हाय?"

मिस माझ्याकडं बघत होत्या. आत्ताच लक्षात आलं, आम्ही फेकतच होतो, असं काहीतरी मी बोलू शकले असते. ओठांवर आलंही होतं. पण मला वाऱ्यानं विझलेला तो बर्नर आठवला.

"न्हाय येत," मी म्हणाले. "चौदा महिने झाले. कसलाच येत न्हाय. गेल्या आठवड्यात गॅस सुटलेला."

मिस अंगणात गेल्या. रॉनीनं कढई धुतली, नुसता लसूण-टोमॅटोचा पास्ता केला, तीन ताटल्या वाढल्या. आमच्या घरी लसूण चालतो, मी खाल्ला. मिसची ताटली तशीच राहिली. खिडकीतून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता, फाटकापासून विहिरीपर्यंत आणि परत.

रॉनीनं बोट सोडली. मडगावला एका हॉटेलात काम धरलं आणि आईला न्यायचं ठरवलं. ते सगळं जमेपर्यंत दीड महिना मिस माझ्याशी बोलल्या नाहीत. समोरून गेल्या तर मान वळवायच्या. मी दुसरी खोली शोधली.

मिसचं सामान हलवायच्या दिवशी सकाळी हाक आली. "ए निपाणी, हिकडं ये गं."

घर रिकामं होत आलं होतं. मिसनी माझा दंड धरला आणि मला पुढच्या खोलीत उभं केलं. "कशाचा वास येतोय, सांग."

"मिस, मी..."

"पंधरा महिने माझ्या घरात मलाच काय कळत न्हाय. जाता जाता तरी कळू दे. आणि खरं सांग. खोटं सांगायचं तुला येतच न्हाय."

मग आम्ही खोली-खोलीतून फिरलो. पुढच्या खोलीत मेण आणि जुनी वर्तमानपत्रं. स्वयंपाकघरात लसूण, फिनेल. रॉनीच्या खोलीत ओल. मी सांगायची, त्या मान हलवून पुढं चालायच्या. शेवटी त्यांनी स्वतःच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं. आत एकच कोट होता, करड्या लोकरीचा. त्यांचे यजमान मी येण्याच्या सहा वर्षं आधी वारले होते. त्यांच्याबद्दल मिस कधी बोललेल्या नव्हत्या.

"आता ह्याचा."

मी कॉलरला नाक लावलं. बाहीला लावलं. पुन्हा कॉलरला. मिस माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"सिगारेटचा आसंल बघ. न्हायतर दाढीच्या साबणाचा."

"न्हाय, मिस," मी म्हणाले. "नुसत्या डांबरगोळ्या."

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "त्यो हाय आत. मलाच येत न्हाय."

मग त्यांनी कोट हँगरवरून काढला, दोनदा जोरात झटकला आणि दाराकडं तोंड करून ओरडल्या, "रॉनी! हा घाल अंगात. मडगावच्या वाटंला घाटात गारठा आसतोय."